न घडलेला अपघात

आमच्या कबनूर गावात तेलाच्या थेंबाला फार वाईट नाव आहे. इचलकरंजीला खेटून वसलेले हे गाव. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग चालू केला आणि त्या एका मागाची खटखट पुढे वाढत वाढत आमच्या गल्लीबोळांत येऊन पोचली. माग म्हटला की तेल आले, आणि तेल आले की डाग आला. पांढऱ्या कापडावर मागाचा एक काळा थेंब पडला की तेवढा माल डागी ठरतो आणि त्याचा भाव उतरतो. त्यामुळे शाळेत न गेलेला माणूसही येथे एवढे जाणतो की थेंब कोठे पडला यापेक्षा तो कोठून आला हे आधी पाहावे. मी या गावात जन्मलो, येथेच मास्तर झालो, दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या. आणि एवढी साधी गोष्ट शिकायला मला चाळिशी उलटून जावी लागली.

आमच्या अंगणात एक जुनी जीप आहे. सीजे-3बी जातीची, 1962 सालची. महिंद्रांनी मुंबईला माझगावात विलिज कंपनीच्या जीपगाड्या जोडायला सुरुवात केली ती स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. त्याच घराण्यातले हे पुढचे लेकरू. कोठल्याशा सरकारी खात्यात वीस-बावीस वर्षे राबून ती लिलावात निघाली आणि वडिलांनी घेतली. वडील गेले, जीप राहिली. आम्हां कोल्हापूरकरांना जुन्या गाडीचे वेड थोडे जास्तच. दसऱ्याला छत्रपतींची 1930 च्या दशकातली मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा सोने लुटायला आलेल्यांपैकी निम्मे लोक त्या मोटारीकडेच पाहत असतात. माझ्या जीपला तो मान नाही. पण वडिलांचा हात ज्या चाकावर वर्षानुवर्षे होता ते चाक आपल्या हाती असावे, एवढ्यासाठी मी ती ठेवली आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी जीपखालच्या शहाबादी फरशीवर एक डाग दिसू लागला. आधी चिंचोक्याएवढा, मग रुपयाएवढा. वाकून पाहिले तेव्हा तेल स्टेअरिंगच्या पेटीतून येत होते. ही पेटी म्हणजे काय हे सांगणे भाग आहे, कारण माझा सगळा अपराध त्या पेटीत बसलेला आहे.

चालक जे चाक फिरवतो त्याचा दांडा खाली एका बिडाच्या पेटीत उतरतो. दांड्याच्या टोकाला जाड स्क्रूसारखी नागमोडी खाच कोरलेली असते. तिला कॅम म्हणतात. त्या खाचेत एका आडव्या दांड्याच्या तरफेच्या खुंट्या बसतात. चाक फिरले की खाच फिरते, खुंट्या सरकतात, आडवा दांडा वळतो. आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला लावलेला पिटमन आर्म पुढची चाके ओढतो. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या लाफायेट गावी डेव्हिड रॉस यांच्या कंपनीने घडवलेली ही रचना. जीपला ती पहिल्यापासून आहे. मनुष्याच्या मनगटाचे बळ टनभर गाडीला वळवते ते या मूठभर पेटीतून. पेटीत गिअर ऑईल भरायचे असते. आडवा दांडा जेथून बाहेर येतो तेथे ऑईल सील असते. माझ्या जीपचे तेल त्या तोंडातून गळत होते.

गावातल्या एका कारागिराला दाखवले. तो म्हणाला, "गुरुजी, पेटी खोलायची म्हंजी खर्चाचं काम. आतलं त्याल काढून घट्ट ग्रीस भरून टाकतो. थेंब पडला तर इचारा." मला ते फार पटले. पटण्याचे खरे कारण असे की त्यात पैसे थोडे होते आणि जीप एका तासात घरी येणार होती. ग्रीस भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी कोरडी, तिसऱ्या दिवशी कोरडी. पत्नीने जुना डाग राखेने घासून काढला. अंगण पूर्वीसारखे झाले आणि मी निश्चिंत झालो. पुढल्या काही महिन्यांत चाक थोडे जड वाटू लागले. वळण घेतल्यावर ते आपणहून सरळ होईना. मी मनाशी म्हणालो, जुनी गाडी आहे, चालायचेच. पण मी हे म्हणालो म्हणजे ते मला जाणवले होते. पुढच्या सगळ्या विचारात वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आमच्या शेजारी एक टेम्पोचालक राहतात. सायझिंगमधून सुताची बिमे उचलून कारखान्यांना पोचवायची आणि कापडाच्या गाठी न्यायच्या, हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. चिंचोळ्या बोळात उलटा टेम्पो घालावा तर त्यांनी, असे गावात म्हणत. चैत्रातल्या यात्रेनंतरच्या रविवारी त्यांना मुलाबाळांसह जोतिबाला जायचे होते. टेम्पोत बायकापोरांना बसवणे त्यांना बरे वाटेना. त्यांनी जीप मागितली. मी किल्ली दिली. देताना म्हणालो, "स्टेअरिंग जरा जड आहे हं. वळणावर थोडं आधीपासूनच वळवा."

हे वाक्य मी तेव्हा मोठ्या जबाबदारीने उच्चारले होते. गळती, ग्रीस, महिनोन्‌महिने वाढत गेलेला जडपणा यांतले काही सांगितले नाही. विचारलेच नाही तर काय सांगायचे?

संध्याकाळी ते परतले. सात माणसे, केसांत गुलाल, पोरांच्या हातांत पिपाण्या. पुढचा बंपर एका बाजूला दुमडला होता. डोंगर उतरताना एका वळणावर चाक अर्ध्यावर अडकले. जीप सरळ कडेला गेली आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात रुतून थांबली. ढीग नसता तर पुढे उतार होता. कुणाला खरचटलेदेखील नाही. पोरांना तर ती यात्रेतली गंमत वाटली होती.

शेजारी मात्र मान खाली घालून उभे होते. म्हणाले, "गुरुजी, चूक माझी हाय. तुमी सांगितलं हुतं, जड हाय, आदी वळवा म्हनून. म्या वळवाय पायजे हुतं. जोतिबानं राखलं." आणि खिशातून दोन हजार रुपये काढून बंपरसाठी पुढे केले.

मी ते घेतले नाहीत. "राहू द्या हो, माणसं सुखरूप आली, आणखी काय पाहिजे?" असे म्हणालो. त्यांच्या मंडळींनी माझ्या पत्नीजवळ माझी फार स्तुती केली. वाडग्यातून प्रसाद आला. पैसे न घेण्यात माझा थोरपणा नव्हता. ते घेण्याचे धैर्य मला झाले नाही इतकेच. पण का घेत नाही हे मी सांगितले नाही आणि न सांगताच मोठ्या मनाचा माणूस ठरलो. माझ्या दोषावर त्यांनी कृतज्ञतेचा शिक्का मारला आणि तो मी मारू दिला.

त्यानंतर श्रावणापर्यंत जीप अंगणात उभी होती. ती चालवायला जीव होईना. शेवटी एका सुटीला हळूहळू हाकत ती कोल्हापूरला उद्यमनगरात नेली. तेथल्या एका वृद्ध मेस्त्रींनी पुलर लावून पिटमन आर्म ओढून काढला, पेटी खोलली आणि मला जवळ बोलावले. आत ग्रीस भरपूर होते. पण खुंट्या जेथून फिरत तेथे त्यात बोगदे पडले होते. तेल बाजूला सारले तर पुन्हा आपल्या जागी वाहत येते. ग्रीस एकदा बाजूला झाले की तेथेच घट्ट बसते. म्हणजे पेटी भरलेली आणि आतले लोखंड कोरडे. खुंट्या एका बाजूने सपाट झाल्या होत्या, कॅमवर खड्डे पडले होते. बेअरिंगचा एक छरा फुटून त्याचा तुकडा खाचेत पडला होता. तो मेस्त्रींनी माझ्या तळहातावर ठेवला. डाळीच्या दाण्याएवढा होता.

मी विचारले, "सील खराब झालं म्हणून हे सगळं झालं का?"

"सील बिचारं काय करंल?" मेस्त्री म्हणाले. "ह्यो दांडा ज्या बुशात फिरतोय ती बुशं झिजल्याती. दांडा हलतोय, म्हनून सील फाटतंय. नवं घातलं तरी महिन्यात गळनार. सगळी सीलला शिव्या देत्यात." मग हात पुसत ते म्हणाले, "आनि गुरुजी, गळती पेटी बरी. गळती म्हंजी आत त्याल हाय. गळायची थांबली की भ्यायचं."

मी ज्या सकाळी निश्चिंत झालो होतो त्याच सकाळपासून ती पेटी मरत होती.

प्रश्न असा की, मी अपराधी आहे की नाही? कुणी मेले नाही, कुणी जखमी झाले नाही. माझ्या मनात कुणाचे वाईट नव्हते. मी तर उपकार करीत होतो. न्यायाधीशापुढे उभे राहिलो तर तो माझे काय करील?

कायद्याची पुस्तके चाळली. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 190 वे कलम याच प्रसंगासाठी लिहिल्यासारखे आहे. ज्या दोषाने रस्त्यावरच्या लोकांना धोका संभवतो असा दोष असलेले वाहन जो चालवतो किंवा चालवू देतो तो गुन्हेगार. मग तो दोष त्याला ठाऊक असो, किंवा साधारण काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता असा असो. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला 1500 रुपये दंड आहे. त्याच दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपये दंड. आणि निष्काळजीपणाने मनुष्यच मेला, तर 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कृत्य एकच: घरात बसून किल्ली देणे. पण तिकडे डोंगरावर खडीचा ढीग आहे की नाही यावर मी 1500 रुपयांचा गुन्हेगार की पाच वर्षांचा, हे ठरते. तो ढीग मी टाकला नव्हता.

कायद्याला असे करण्यावाचून गत्यंतर नाही हे मला समजते. त्याला मनात शिरता येत नाही, आणि शिरता आले तर साऱ्या गावाला तुरुंगात घालावे लागेल. परंतु मनुष्याला स्वतःच्या मनात शिरता येते. म्हणून कायद्याचा हिशेब त्याला पुरत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तत्त्वज्ञान मी वाचले ते वाचनालयातून आणलेल्या, पाने सुटलेल्या पुस्तकांतून, तेही माझ्या आवडीनिवडीप्रमाणे. त्यात क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाचा 1877 सालचा एक निबंध वाचल्याचे आठवले. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुने झाले आहे, दुरुस्तीला खर्च येणार आहे, आणि परदेशी वसाहतीला निघालेली कुटुंबे त्यात बसायची आहेत. मालकाला शंका येते. ती त्याला सुखाने जगू देत नाही, म्हणून तो तिची समजूत घालतो: इतक्या सफरी पार पडल्या, हीही पडेल, देव काय या लोकांना टाकणार आहे? हळूहळू जहाज उत्तम असल्याची त्याची मनापासून खात्री होते. जहाज बुडते, माणसे मरतात. क्लिफर्ड म्हणतो, त्याची खात्री प्रामाणिक होती हे खरे. पण ती बाळगण्याचा अधिकार त्याला नव्हता, कारण ती त्याने तपासून मिळवली नव्हती, शंका दाबून मिळवली होती. मग तो विचारतो: समजा, जहाज बुडालेच नाही, तर मालकाचा दोष कमी होतो काय? त्याचे उत्तर आहे, यत्किंचितही नाही. दोष उघडकीला आला नाही इतकेच.

पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हा मनुष्य कठोर वाटला होता. आता तो आमच्या अंगणात येऊन गेल्यासारखा वाटतो.

आमच्याकडे हा विचार नाही असे कुणी समजू नये. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' 1915 साली प्रसिद्ध झाले. कर्माची नीतिमत्ता त्याच्या बाह्य परिणामावरून ठरवू नये, कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, हा त्यातला एक मुख्य सिद्धान्त आहे. पुष्कळांचे अधिकात अधिक सुख मोजून नीती ठरवणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांचा त्यांनी याच मुद्द्यावर प्रतिवाद केला. फळावर आपली सत्ता नाही ती कर्मावर आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण ते ऐकताना आपण आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलतो. काम बिघडले की म्हणतो, फळ आपल्या हाती नव्हते. त्याच न्यायाने काम सुदैवाने निभावले तेव्हाही म्हणायला हवे की हे फळही माझ्या हातचे नव्हते. सबब त्याचे श्रेय मला नाही आणि त्याच्या आड लपायची मुभाही मला नाही. हा दुसरा अर्धा भाग उच्चारताना मी अद्याप कुणाला ऐकलेले नाही. मीही उच्चारला नव्हता.

येथे माझ्यातला पळवाट शोधणारा वकील उठतो आणि म्हणतो, 'बुद्धीवरूनच ठरवायचे ना? मग तुझी बुद्धी शुद्ध होती. शेजाऱ्याच्या पोरांनी सुखाने देवाला जावे एवढीच तुझी इच्छा.' या वकिलाला उत्तर देण्यात माझे कित्येक दिवस गेले. उत्तर सापडले ते मेस्त्रींच्या बोगद्यांत. बुद्धी शुद्ध असणे म्हणजे मनात वाईट हेतू नसणे एवढेच असते, तर झोपलेल्या माणसाइतका शुद्ध कुणी नाही. जे पाहायला हवे ते पाहण्याचे कष्ट न करता मनात उरते त्याला शुद्धता म्हणत नाहीत. ती नुसती भरलेली पेटी. चाक जड लागले त्या दिवशी मला एक प्रश्न पडला होता आणि मी तो पुसून टाकला. पत्नीने फरशीवरचा डाग पुसला तसा. सदिच्छा होतीच, पण ती वाहून जेथे पोचायला हवी तेथे पोचली नाही.

1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी दैव आणि नीती यांच्या संबंधाविषयी एकाच मथळ्याचे लेख लिहिले. नेगेलने तर ब्रेक तपासून घेतले नाहीत अशा चालकाचेच उदाहरण घेतले आहे. वाटेत मूल आडवे आले तर तो जन्मभर जळत राहील. नाही आले, तर किरकोळ हलगर्जीपणापलीकडे त्याच्या पदरी काही नाही. दोघांचे वर्तन सारखेच; पण आपण दोघांना सारखे मानू शकत नाही आणि का मानत नाही हेही सांगू शकत नाही, अशी ही अडचण. मला ती खरी वाटते. त्या जीपमधले एखादे पोर गेले असते तर आज मी हा लेख लिहीत बसलो नसतो, हे मी नाकबूल कसे करू? माझे हात तितकेच मळलेले असून मी जेवतो, झोपतो, शाळेत मुलांना खरे बोलावे म्हणून सांगतो. दैवाने मला सोडले. परंतु ज्याला दैव सोडते त्याने काय करावे, हे त्या लेखांतून मला मिळाले नाही.

आता प्रश्न उरला एकच: शेजाऱ्यांना सांगावे काय?

न सांगण्याची कारणे वजनदार होती. झाले ते झाले. कुणाचे काही गेले नाही. सांगून त्यांच्या मनात नसती भीती घालायची, शेजार बिघडवायचा, आणि हे सगळे कशासाठी, तर माझे मन हलके व्हावे म्हणून! कबुलीजबाब हीदेखील कधी कधी स्वार्थाचीच एक रीत असते. आपले ओझे उतरवून दुसऱ्याच्या ओटीवर ठेवायचे. या विचाराने मी आणखी आठ-दहा दिवस गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्यालाही मी परोपकारच समजत होतो.

भाद्रपदातली गोष्ट. पहाटे फिरायला निघालो होतो. शेजारी कामावरून परतत होते. अंगाला सुताची पिंज चिकटलेली, डोळे लाल. मी विचारले, "काय, रात्रीची फेरी?"

"न्हाई गुरुजी. टेम्पो सोडला म्या. चार महिनं झालं, रातपाळीला माग चालवतोय. बारा तास."

मी कारण विचारले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिसापास्नं चाकाव हात ठरत न्हाई. वीस वरसं गाडी हाकली आनि पोटची पोरं बसवल्याव हात चुकला. मेव्हना चारचौघांत बोलतोय, तुला जीप झेपली न्हाई. खरंच हाय न्हवं त्येचं?"

काहीच घडले नाही, असे मी पाच महिने स्वतःला सांगत होतो. एवढे घडले होते, आणि माझ्या भिंतीपलीकडे घडले होते. 'वळणावर आधी वळवा' हे माझे जबाबदारीचे वाक्य त्या मनुष्याने स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून जपून ठेवले होते. मी पुरते खोटे बोललो असतो, जीप ठणठणीत आहे म्हणालो असतो, तर त्यांनी निदान जीपवर संशय घेतला असता. मी अर्धे खरे सांगितले आणि त्या अर्ध्या खऱ्याने माझा दोष उचलून त्यांच्या हातात ठेवला. अपघात टळला होता तो शरीरांचा.

तेथेच, रस्त्याच्या कडेला, मी त्यांना सगळे सांगितले. गळती, ग्रीस, जडपणा, छऱ्याचा तुकडा. तो तुकडा मी खिशात बाळगून होतो. त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. जाणत्या माणसाला तेवढे पुरे होते. माझी अपेक्षा होती की ते चिडतील, किंवा मोठ्या मनाने क्षमा करतील. कादंबरीकाराच्या मनात हे दोनच शेवट येतात. त्यांनी दोन्ही केले नाही.

"म्हंजी हात चुकला न्हवता," ते स्वतःशीच म्हणाले. आणि मग माझ्याकडे न पाहता, "आदी सांगाय पायजे हुतं, गुरुजी." एवढेच बोलून घरात गेले.

त्या 'आधी'त सगळे आले. किल्ली देण्याच्या आधी, निदान त्या दोन हजार रुपयांच्या आधी, अगदी निदान टेम्पो सोडण्याच्या आधी. प्रत्येक आधी माझ्या हातात होते. जे फळ माझ्या हाती नव्हते त्याचा मी काथ्याकूट करीत बसलो. जे कर्म रोज सकाळी नव्याने माझ्या हाती येत होते ते रोज टाळले. मेलेल्या-न मेलेल्यांचा हिशेब तत्त्वज्ञांनी करावा. ज्याला दैवाने सोडले त्याच्यापुरते मला आता एवढे कळते की, सुटका ही माफी नसते. ती मुदत असते. त्या मुदतीत दोष दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाऊन बसला आहे की काय, हे जाऊन पाहायचे असते. पाहिले नाही, तर न घडलेला अपघात रोज थोडाथोडा घडत राहतो.

जीप तोवर दुरुस्त होऊन आली होती. मेस्त्रींनी लेथवर गनमेटलची नवी बुशे कातून बसवली, झिजलेला दांडा आणि कॅम बदलले, बेअरिंग नवे घातले आणि मगच नवे सील ठोकले. पत्र्याच्या पातळ चकत्या घालून-काढून दांड्याची ढिलाई घालवली. शेवटचा स्क्रू आवळताना त्यांनी पुढची चाके मुद्दाम सरळ करून घेतली. ही खाच मधोमध थोडी उंच कापलेली असते; तेथे ढिलाई सर्वांत कमी. म्हणून समायोजन सरळ चाकावरच करायचे. चाक वळलेले असताना आवळले तर गाडी नेमकी सरळ रस्त्यावर अडते. मग पेटीत गिअर ऑईल भरले, ग्रीस नाही. निघताना म्हणाले, "थोडं झिरपंल एकांद्या वक्ती. झिरपू द्या. खाली कागद टाकून बघत ऱ्हावा."

खंडेनवमीला गावातले माग थांबले. वर्षभर कानांत बसलेली खटखट बंद झाली की आम्हां कबनूरकरांना चुकल्यासारखे होते. मागांना झेंडूच्या माळा चढल्या, मीही जीप धुऊन तिला माळ घातली. तेवढ्यात शेजारी आले. भाद्रपदातल्या त्या पहाटेनंतर आमचे बोलणे कामापुरतेच होते. म्हणाले, "गुरुजी, उद्या सकाळी एक चक्कर मारून बगतो म्हनतो. एकटाच."

मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी गुडघ्यांवर बसले, एक हात फरशीवर टेकून जीपखाली वाकले, मी पसरलेला कागद ओढून उजेडात धरून पाहिला. मग बोटाने सीलच्या तोंडाशी चाचपले आणि बोट नाकाशी नेऊन वास घेतला. वीस वर्षांच्या शेजारात माझ्या शब्दाची त्यांनी अशी तपासणी कधी केली नव्हती. मला ते लागले. पण त्यांचे काही चुकत आहे असे मला म्हणता आले नाही.

ते उठले, हात पॅन्टला पुसला आणि किल्लीसाठी पुढे केला.